घरच्या मशीनवर भरतकाम : आधी रिंग, मग कर्ज



या पानांवर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट, ठिबक आणि माती परीक्षण यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण तुमच्या घरातलाच आहे. माजघराच्या कोपऱ्यात, खिडकीला लागून, वर फुलाफुलांचे कापड टाकून ठेवलेले जे शिलाई मशीन असते ना, त्याच्याविषयी. कुणाचे लग्नात आलेले, कुणाचे सासूबाईंच्या वेळचे. चाक फिरवले की कुरकुरते, पण बंद म्हणून पडत नाही. फाटक्या परकराला टीप मारायची, उशीचा अभ्रा शिवायचा, पोराच्या चड्डीची उसवलेली शिवण धरायची, एवढ्यापुरतेच ते आज उघडले जाते. याच मशीनवर मोर, कोयरी, वेलबुट्टी आणि नावे भरता येतात, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नाही.

विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. उसाचे बिल खात्यावर जमा होऊ लागले की गावात नाना तऱ्हेची माणसे हिंडू लागतात. कोणी विम्याची, कोणी जमिनीच्या प्लॉटची, कोणी फर्निचरची. अलीकडे त्यांत कॉम्प्युटरच्या भरतकाम मशीनवाल्यांची भर पडली आहे. ओट्यावर बसून मोबाईलवर चित्रफीत दाखवतात आणि सांगतात, "वहिनी, तुम्ही नुसतं बटण दाबायचं. मोर आपोआप उमटतो. हप्ता काय, मशीनच फेडतंय!" ऐकायला गोड वाटते. घरातल्या कर्त्या माणसालाही वाटते, बाईमाणसाला घरबसल्या काम मिळतेय, दोन पैसे सुटतायत, काय वाईट?

वाईट काहीच नाही. मशीन खोटे नाही आणि धंदाही खोटा नाही. पण आमच्या पाहण्यात असे एक घर आहे, की जिथे बिलातून निम्मे पैसे भरून आणि निम्म्याचे कर्ज काढून असे मशीन आणले. दोन महिने कौतुक झाले, शेजारणी बघून गेल्या, घरच्या चार ब्लाउजांवर मोर उमटले. मग दोरा तुटायला लागला, का तुटतो ते कळेना. शिकवायला येणारा माणूस एकदा आला, पुन्हा आला नाही. आज त्या मशीनवर चादर आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो आहे. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. भरतकामाची सुरुवात घरातल्या जुन्या मशीनवर करावी. एक हंगाम त्यावर हात बसवावा, गिऱ्हाईक किती येते ते वहीत मोजावे आणि मगच मोठ्या मशीनचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष काम. साध्या शिवणीत कापड पुढे कोण सरकवते? सुईच्या खाली जे बारीक दात वरखाली होतात, ते. वरचा दाबाचा पाय, ज्याला आपण फूट म्हणतो, तो कापड दाबून धरतो आणि दात ते ओढतात. म्हणून टीप सरळ पडते. भरतकामात हे दोन्ही काढून घ्यायचे आणि कापड सरकवण्याचे काम आपल्या दोन हातांनी करायचे. सगळी गोम एवढीच. सुई जागच्या जागी वरखाली होत असते. आपण कापड जिकडे नेऊ तिकडे टाका पडतो. पेन स्थिर धरून कागद हलवून लिहावे, तसे हे आहे. पहिल्या दिवशी हसू येईल असे अक्षर निघते. पंधरा दिवसांनी ओळखू येते. महिन्या-दीड महिन्याने बरे दिसू लागते.

सामान काय लागते? एक रिंग, सहा-सात इंची, आणि तिची कड पातळ असलेली. जाड कडेची रिंग सुईखालून आत जात नाही, म्हणून दुकानात बोटाने जाडी बघून घ्यावी. सुयांची दोन पाकिटे, पातळ कापडाला 11 नंबर आणि जाडाला 14 नंबर. भरतकामाचा चमकदार दोरा, पाच-सहा रंग पुरेत. बॉबिनला भरायला पांढरा बारीक दोरा. कापडामागे लावायचा कागद. टोकदार लहान कात्री आणि मशीनचे तेल. डीएपीच्या एका पोत्याच्या किमतीत हे सगळे बसावे. सुई घेताना एक बघा. घरगुती मशीनची सुई मागच्या अंगाने चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची पूर्ण गोल असते. दुकानदार घाईत भलतीच देतो आणि मग घरी आल्यावर ती बसत नाही.

आधी मशीन साफ करा. खालची बॉबिनची डबी काढली, की तिच्या मागे शटलमध्ये वर्षानुवर्षांचा धाग्यांचा भुसा निघतो. जुन्या ब्रशने तो काढा, तेलाचे दोन-दोन थेंब सोडा, एखाद्या चिंधीवर पाच मिनिटे रिकामी टीप मारा म्हणजे जास्तीचे तेल निघून जाईल. हे न करता नवे कापड लावले तर पहिल्याच फुलावर काळा डाग पडतो.

मग दात खाली करायचे. काही मशीनना त्यासाठी खाली किंवा बाजूला खटका असतो. जुन्या काळ्या मशीनला तो नसेल तर दातांवर बसवायची पत्र्याची झाकणपट्टी मिळते, नाहीतर टाक्याची लांबी शून्यावर आणली तरी काम भागते, कारण मग दात पुढे ओढत नाहीत, जागेवरच हलतात. फूट काढून टाकायचा. पण नवख्या हाताने एकदम उघड्या सुईखाली बोटे नेऊ नयेत, असे आम्ही सांगू. रफूसाठी स्प्रिंगचा एक उड्या मारणारा फूट मिळतो, तो लावून सुरुवात करावी. कापडही धरले जाते आणि बोटही वाचते. पदर खोचून, केस बांधून बसावे, हे सांगायला नको. लहान मूल चाकाजवळ येऊ देऊ नये, हे मात्र पुन्हापुन्हा सांगायला हवे.

रिंगमध्ये कापड लावण्यात बहुतेकजणी चुकतात, त्यामुळे इथे जरा थांबू. हाताच्या भरतकामात आतली रिंग खाली, तिच्यावर कापड आणि वरून मोठी रिंग दाबतात. मशीनला उलटे करायचे. मोठी रिंग खाली टेबलावर ठेवायची, तिच्यावर कापड सुलट्या बाजूने वर, आणि आतली रिंग वरून दाबून बसवायची. म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला टेकून सपाट राहते. सपाट राहिले नाही तर टाका सुटतो. आतल्या रिंगला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून घेतली की कापड घसरत नाही. कापड टिचकी मारल्यावर डफासारखे वाजले पाहिजे. पण ओढून-ताणून तिरके केले तर रिंग काढल्यावर गोल फूल अंड्यासारखे होते. स्क्रू आवळण्यापूर्वी उभे-आडवे धागे सरळ आहेत ना, एवढे बघा.

आता ज्या एका गोष्टीमुळे कितीतरी बायका पहिल्याच दिवशी कंटाळून उठतात, ती सांगतो. फूट काढलेला असला तरी फुटाची मागची दांडी खाली पाडलीच पाहिजे. फूटच नाही, मग दांडी कशाला खाली करायची, असे वाटते. पण वरच्या दोऱ्याचा ताण त्या दांडीवर अवलंबून असतो. दांडी वर राहिली की ताण सुटतो आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा घरटा होतो. मशीन बिघडले म्हणून मिस्त्रीकडे नेतात. मिस्त्री दांडी खाली करतो आणि पैसे घेतो!

दांडी खाली केली, की चाक हाताने एकदा फिरवून खालचा दोरा वर काढा. दोन्ही टोके बोटाने धरा, जागच्या जागी तीन-चार टाके घाला, टोके कापा आणि निघा. पाय एका चालीत, हात सावकाश. हात जोरात आणि पाय हळू झाला, तर टाके लांब पडतात, सुई वाकते आणि मोडते. सुई मोडण्याचे कारण निम्म्या वेळा हेच असते. नजर सुईकडे ठेवू नका, सुई पुढे जिथे जाणार आहे तिथे ठेवा. नांगर धरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पायाने चालवायच्या मशीनला कमी लेखू नका. वीज लागत नाही आणि वेग आपल्या पायात राहतो. शिकायला तेच बरे. एक आत्या सुनेला सांगत होत्या, "मोटार लावू नको गं अजून, आधी पाय ऐकू दे तुझं." आम्हाला ते पटले.

ताणाची खूण ओळखायला सोपी आहे. खालचा पांढरा दोरा वर डोकावत असेल, तर वरचा ताण जास्त आहे. थोडा सैल करा. खाली वरच्या दोऱ्याची वेटोळी पडत असतील, तर वरचा ताण कमी आहे किंवा दोरा ओवण्यात एखादा आकडा सुटला आहे. भरीव रुंद टाक्यात कापड उलटे करून बघावे. मध्ये एक-तृतीयांश पट्टी पांढऱ्या दोऱ्याची आणि दोन्ही बाजूंना वरच्या रंगाची दिसली, की ताण बरोबर. शिवणीपेक्षा भरतकामाला वरचा ताण थोडा सैलच लागतो.

पहिले पंधरा दिवस फुले काढूच नका. जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या तुकड्यावर पेन्सिलने रेघा मारा आणि त्यांवरून जा. मग गोल, मग आठचा आकडा, मग स्वतःचे नाव. नाव लिहिण्याइतका चांगला सराव दुसरा नाही. त्यानंतर भरणे. साध्या सरळ टाक्याच्या मशीनवर भरीव पाकळी काढायची तर रिंग डावी-उजवी भराभर हलवायची, एका रेघेला चिकटून दुसरी रेघ. बाजारात झिगझॅग मशीन मिळते, त्यात सुईच डावी-उजवी होते आणि गुडघ्याने दांडी दाबून टाक्याची रुंदी कमी-जास्त करता येते. शहरातले कारागीर त्यावर अशा पाकळ्या काढतात की बघत राहावे. हात बसल्यावर पुढची पायरी म्हणून आधी हे झिगझॅग बघावे, असे आमचे मत आहे. कॉम्प्युटर त्यानंतर.

कापड आणि दोरा यांविषयी थोडे. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटते आणि फूल आकसून चुण्या पडतात. मागे कागद लावल्याशिवाय भरू नये. साध्या सुती कापडाला फाडून काढायचा कागद चालतो. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला कापून काढायचा, म्हणजे टाक्याखाली कायम राहणारा लागतो. टॉवेलवर भरायचे तर वरूनही पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा ठेवतात, म्हणजे टाके लोकरीत बुडत नाहीत. सरावाला घरातला कोरा कागद चालेल. वर्तमानपत्र मात्र नको, शाई कापडाला लागते. दोऱ्यात दोन जाती आहेत, रेयॉन आणि पॉलिएस्टर. रेयॉनची चमक मऊ आणि सुंदर, पण रोजच्या धुण्याला आणि ब्लीचला पॉलिएस्टर टिकतो. गणवेशावरचे नाव आणि टॉवेल यांना पॉलिएस्टर, लग्नातल्या ब्लाउजला रेयॉन, असे धरून चाला. 40 नंबरचा दोरा, म्हणजे 120 डेनियर दोन पदरी, सगळीकडे चालतो. गडद लाल आणि निळा कापडावर भरण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघावा. रंग सोडत असेल तर तो दोरा तोरणाला वापरा, गिऱ्हाइकाच्या कापडाला नको. काम झाल्यावर इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. सुलट्या बाजूने दाबली की फुगीर टाके चपटे होतात.

या विद्येचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मशीनने भरतकाम करण्याची कल्पना शिलाई मशीन घरोघर येण्याआधीची. फ्रान्समधल्या मुलहाऊस गावी जोशुआ हाईलमान याने 1828 च्या सुमारास हाताने चालवायचे भरतकाम यंत्र बनवले. पुढे 1863 साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली याने आपल्या शटलसारखे शटल वापरून शिफली यंत्र काढले. शिफली म्हणजे त्यांच्या बोलीत छोटी होडी, कारण शटलचा आकार होडीसारखा. दरम्यान अमेरिकेत सिंगर यांना 1851 साली शिलाई मशीनचे पेटंट मिळाले. आपल्याकडे 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन बनवायला घेतले, आणि मग ते खेड्यापर्यंत पोचले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या मशीनला अपवाद केले होते. घरच्या बाईचे कष्ट बघून कळवळ्याने काढलेले यंत्र, असे त्यांना ते वाटले.

आता ज्या कॉम्प्युटर मशीनवरून हा विषय निघाला, त्याकडे येऊ. त्यात आपले हात जे करतात, ते मोटारी करतात. रिंग एका सरकत्या हातावर बसवलेली असते. फाईलमध्ये लिहिलेले असते त्याप्रमाणे रिंग डावी-उजवी, पुढे-मागे सरकते. म्हणजे मूळ तत्त्व तेच, सुई जागेवर आणि कापड फिरते. जिने हाताने रिंग फिरवलेली आहे, तिला दोरा का तुटला, कापड का चुणले, कागद कुठला हवा, हे ऐकूनच कळते. जिने फिरवलेली नाही, तिला पडद्यावरची सूचना वाचूनही कळत नाही. चादरीखालच्या त्या मशीनचे दुखणे हेच होते.

दुसरी गोष्ट, "बटण दाबलं की मोर" हे अर्धेच खरे आहे. नुसते मोराचे चित्र मशीनला समजत नाही. कुठला टाका आधी, कुठला नंतर, कुठल्या दिशेने, किती दाट, हे सगळे एका फाईलमध्ये बसवावे लागते. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. सुरतेसारख्या ठिकाणी, जिथे साड्यांवर मोठ्या यंत्रांनी भरतकाम होते, तिथे पंचिंग करणारे लोक वेगळे असतात आणि ते त्याचे पैसे घेतात. मशीनबरोबर काही तयार चित्रे मिळतात, पण तीच गावातल्या तीन मशीनवर असतात. स्वतः शिकायचे तर इंक-स्टिच नावाचा मोफत कॉम्प्युटर कार्यक्रम आहे. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला बसवा. प्रत्येक कंपनीची फाईल निराळी असते, डीएसटी, पीईएस, जेईएफ अशी. आपले मशीन कुठली घेते, ते विकत घेण्याआधी विचारावे.

मराठी अक्षरांचा प्रश्न आणखी वेगळा. मशीनमध्ये भरलेली अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. देवनागरीची फाईल वेगळी करावी लागते आणि बारीक आकारात वेलांटी, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. अक्षर बोटाच्या पेरापेक्षा लहान भरूच नये. हाताने भरताना आपण लिहितो तसेच भरावे, आधी अक्षरे आणि शेवटी एका दमात शिरोरेघ. इथे हाताला कॉम्प्युटरपेक्षा उजवी बाजू आहे, हे लक्षात ठेवा.

आणि आता हिशेब. उसाचा हिशेब आपल्याला पाठ असतो, एकरी टन किती, उतारा किती, तोडणी-वाहतूक किती. हाही तसाच मांडू. समजा, एका बाहीवरच्या नक्षीला 12,000 टाके आहेत आणि मशीन मिनिटाला 600 टाके घालते. म्हणजे नुसते भरणे 20 मिनिटे. घरगुती मशीनला सुई एकच असते, पाच रंग असले तर चार वेळा दोरा बदलायचा, त्याची आठेक मिनिटे. रिंग लावायची पाच मिनिटे, आणि दोरा एक-दोनदा तुटणारच. धरा 40 मिनिटे. दोन बाह्या आणि पाठ मिळून एका ब्लाउजला दोन तास. स्वयंपाक, धारा, शाळेचे डबे सांभाळून दिवसाला दोन ब्लाउज झाले तरी पुष्कळ.

मशीनसाठी दीड लाख कर्ज घेतले, व्याज 12 टक्के, मुदत तीन वर्षे, तर महिन्याला सुमारे 5,000 रुपयांचा हप्ता बसतो. दोरा, कागद, वीज वजा जाता एका ब्लाउजमागे 100 रुपये सुटतात असे धरू. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला 50 ब्लाउज लागतात. त्यानंतरचा 51 वा ब्लाउज तुमचा. मग स्वतःला विचारा, माझ्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांत महिन्याला 50 ब्लाउज भरून घेणारे गिऱ्हाईक आहे का? वैशाखात असेल. चातुर्मासात आणि पौषात लग्ने नसतात. हप्ता मात्र पौषातही येतो.

आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या भागातले दर घालून तुम्ही मांडा. तालुक्याच्या गावी कापड दुकानदार किंवा शिंपी बाहेरून भरून घेताना दर हजार टाक्यांना काय देतो, ते आधी जाऊन विचारा. विकणाऱ्याच्या तोंडचा दर वेगळा असतो आणि देणाऱ्याच्या तोंडचा वेगळा.

विजेचेही विचारात घ्या. घरगुती मशीन सिंगल फेजवर चालते, पण दाब कमी-जास्त झाला की त्यातला कॉम्प्युटर रुसतो. चालू कामात वीज गेली, तर काही मशीन कुठल्या टाक्यावर थांबलो ते लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. दुरुस्तीला माणूस कुठून येणार, किती दिवसांत येणार, हेही. आणि एक विनंती, पीक कर्जाच्या पैशातून मशीन घेऊ नका. ते पैसे खताचे आणि बेण्याचे आहेत.

शिकायला कुठे जावे, असे अनेक भगिनी विचारतात. जिल्ह्याच्या ठिकाणी अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. तिथे शिवणकामासारखे वर्ग मोफत चालतात, राहण्या-जेवण्याची सोय असते. भरतकामाचा वर्ग केव्हा आहे, ते चौकशी करून जावे. आयटीआयमध्ये भरतकामाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, सरफेस ऑर्नमेंटेशन टेक्निक्स या अवघड नावाचा. दहावी झालेल्या मुलींनी तो जरूर बघावा. बचत गटात असाल तर उमेद किंवा महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांच्या ताई गावात येतातच, त्यांना विचारा. माविम 1975 सालापासून, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षापासूनचे आहे.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज, असे ठरवले होते. कुटुंबातील एकालाच लाभ, अशी अट आहे. आज काय चालू आहे ते सामायिक सेवा केंद्रात विचारून घ्या. मोबाईलवर "मोफत शिलाई मशीन, येथे फॉर्म भरा" असा मजकूर फिरतो. तो उघडून आधार नंबर आणि बँकेचा नंबर देऊन बसू नका. सरकारच्याच माहिती खात्याने असले दावे खोटे असल्याचे जाहीर केले होते. कुठल्याही योजनेसाठी नोंदणीचे पैसे मागणारा मध्यस्थ दारात आला, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

एक सहकारी माणसाला सुचणारी गोष्टही सांगतो. एकेकटीने पाच मशीन घेण्यापेक्षा गटातल्या पाचजणींनी मिळून एक घ्यावे. दोघी पंचिंग आणि मशीन सांभाळतील, दोघी कापणे-इस्त्री करतील, एक गिऱ्हाईक बघेल आणि वही लिहील. वही लिहिणारी आणि पैसे ठेवणारी एकच नको. आपल्या कारखान्यात लेखापरीक्षण कशासाठी असते, ते सभासदांना सांगायला नको. भांडणे होतील, नाही असे नाही. पण हप्त्याचे ओझे पाच खांद्यांवर राहील.

तोवर जुन्या मशीनवर काय विकता येईल? ब्लाउजवर लगेच जाऊ नका. महाग खण किंवा पैठणीचा तुकडा बिघडला तर भरून देणे जड जाते. रुखवतातले रुमाल, उशांचे अभ्रे, पूजेचे आसन, दारावरचे तोरण, शाळेच्या दप्तरावर आणि टोपीवर नाव, इथून सुरुवात बरी. आमच्या भागात आणखी एक हमखास काम आहे, ते म्हणजे बैलांच्या झुली. बेंदराला आणि पोळ्याला झुलीवर मालकाचे नाव, गावाचे नाव, बैलाचे नाव भरून घ्यायची हौस अजून गेलेली नाही. ट्रॅक्टर आले तरी ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे तो झुलीला पैसे मोजतो. झुलीचे कापड जाड असते, तिथे 16 नंबरची सुई घ्यावी, अक्षर चांगले वीतभर मोठे ठेवावे, आणि नाव आधी कागदावर मालकाकडूनच लिहून घ्यावे. सर्जा की सरजा, यावरून गिऱ्हाईक परत जाते. काम हाती घ्यायचे ते सणाच्या महिनाभर आधी. आषाढातल्या बेंदराला वैशाखाअखेर आगाऊ रक्कम घेऊन कापड कापायला लागा. शेवटच्या आठवड्यात जो मालक झूल घेऊन येईल, त्याला पोळ्याची तारीख द्या.